दवावरची कोरडी पावलं

डोंगराच्या पायथ्याशी गवतावर सकाळी दवाचे मोती लगडायचे आणि पावलोपावली ओढे खळखळायचे. तिथं हौसा नावाची एक चिमुकली पोर राहायची. तिचे आप्पा चपला करायचे. अशा देखण्या, की बघत राहावं! बाभळीच्या सालीनं कमावलेलं तांबूस कातडं, नाजूक वेणी आणि वर इवलासा लाल गोंडा. चालताना त्या अशा कर्र कर्र वाजायच्या, की माणसाच्या आधी चपलाच घरी पोचायच्या.

पण त्या देखण्या चपलांना एक खोड होती. त्या पाणी प्यायच्या. दव असो नाहीतर ओढा, घटाघटा प्यायच्या, फुगायच्या आणि शिवणीत उसवायच्या. लोकांनी त्या घेणंच सोडलं. घरची चूल एक वेळच पेटू लागली. शेवटी आप्पांनी गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलं. ते दूर वीटभट्टीवर कामाला जाणार होते. हौसाला त्या गाठोड्याचा असा राग यायचा, की येता-जाता ती त्याला हळूच लाथ मारायची.

अशात एके दिवशी बिरू धनगर आला. "आप्पा, एक जोड करा. परवा वढ्यातनं चालून बघतो. टिकला तर समद्या धनगरवाड्याला तुमच्याच चपला!"

"बघतो करून," आप्पा म्हणाले, पण गाठोडं काही त्यांनी सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा करंजाच्या राईत काटक्या वेचायला गेली. बघते तर काय, दगडावर बोटाएवढी परी! मोरपंखी झगा, सोनसळी पंख, आणि गाल मात्र रागानं फुगलेले. आपल्या तांदळाएवढ्या ओल्या चपला ती उन्हात ठेवत होती.

"अगं बाई, उन्हात नको!" हौसा म्हणाली. "कातडं आखडतंय. सावलीला, वाऱ्यावर ठेवावं. पण तुला पंख हायती की, चालतीस कशाला?"

"सकाळी दवानं पंख जड होतात ना," परी कुरकुरली.

हौसानं परकराच्या टोकानं ते इवले जोड टिपले आणि पानाआड वाऱ्याला ठेवले. परीची कळी खुलली. "माग काय हवं ते. पण एकदाच, आणि स्वतःच्या पायांसाठी नाही."

"आमच्या आप्पांच्या चपलांची तहान घालव," हौसा म्हणाली.

परीनं करंजाच्या शेंगेची एक डबी तिच्या हातावर ठेवली. आत मधाच्या रंगाचं मलम लुकलुकत होतं. "कोरड्या कातड्यालाच लाव. तळव्यानं चोळ, हळूहळू मुरू दे. घाई केलीस तर जादू रुसेल."

हौसा उड्या मारत निघाली. ओढ्याकाठी तुळसामावशी बसली होती. तिला दूध घालायला गावात जायचं होतं, पण भिजक्या वहाणांनी टाचांना टपोरे फोड आले होते. हौसानं डबी मुठीत घट्ट धरली. आप्पांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला. पण मावशीच्या टाचांकडं बघून तिचा पायच पुढं उचलेना. वहाणा वाऱ्याला वाळल्या, तशी ती मलम चोळायला बसली. थोडंसंच लावीन म्हणाली होती, पण जुनं, भेगाळलेलं कातडं सगळंच गट्ट करून बसलं.

"गुनाची गं माजी बाय!" म्हणत मावशी टुकूटुकू चालायला लागली.

घराच्या दारात मात्र हौसाला रडू कोसळलं. रिकामी डबी! आता आप्पा जाणार! तिनं तळव्यांत तोंड लपवलं, आणि हुंदका अर्ध्यावरच थांबला. मावशीच्या वहाणा इतका वेळ चोळल्या होत्या, की मलमाचा वास तळव्यांत मुरला होता. हे तर करंजाचं तेल! आणि हे मधमाश्यांचं मेण!

ती राईत पळाली. माश्या सोडून गेलेलं जुनं पोळं झाडाखाली पडलं होतं, ते तिनं आणलं. आईनं दिव्यातलं करंजाचं तेल दिलं आणि मंद आचेवर त्यात पोळ्याचं मेण वितळवलं. आप्पांचा जोड तयार होता, पण शिवण्यासाठी भिजवलेलं कातडं अजून ओलं होतं.

"चुलीपाशी ठिव, बिगीनं वाळंल," आई म्हणाली.

"न्हाई! जादू रुसंल!" हौसानं जोड सावलीला टांगला आणि हात भरून येईपर्यंत सुपानं वारा घातला. मग कोमट मलम चोळलं, आधी शिवणींना, कारण पाणी तिथूनच चोरपावलानं आत शिरतं. आप्पा बघत होते. शेवटी त्यांनीही आपला तळवा पुढं केला. "मलाबी दे थोडं."

दुसऱ्या दिवशी बिरू ओढ्यात उतरला. आप्पांनी श्वास रोखला. पाण्याचे थेंब चपलांवरून मोत्यांसारखे टपटप ओघळले. बिरू बाहेर आला तो कर्र कर्र वाजवतच! "आप्पा, आता धनगरवाडा तुमाला जेवायला तरी उसंत दील का?"

आप्पांनी गाठोडं सोडलं आणि चपला पुसायला त्याच्या फडक्याच्या चिंध्या केल्या. लाथ मारायला काहीच उरलं नाही, म्हणून हौसा नुसतीच उड्या मारत सुटली.

पुढच्या सकाळी राईत परी वाट बघत होती. तिनं लाजत आपल्या चिमुकल्या चपला पुढं केल्या.

"तुझ्याकडं तर आख्खी डबी हुती की!"

"मलाही नियम आहेच ना," परी म्हणाली. "स्वतःच्या पायांसाठी नाही."

हौसा खुदकन हसली. त्या चपला तिनं बोटाच्या टोकानं मायेनं चोळून दिल्या. परी त्या घालून ओल्या गवतावर नाचली, गिरकीगणिक लखलखत गेली, आणि सोनेरी उजेडाचा एक झोत होऊन दिसेनाशी झाली.

मागं उरली दवावर, थेंब बाजूला सारून उमटलेली इवली इवली पावलं. हौसानं वाकून त्यांना बोट लावलं. ती कोरडी होती.