शेवंती आणि झाकलेला डबा

ऐका हं पोरांनो, आणि मध्ये खुसुखुसु हसायचं नाही!

झेंडूच्या शेतांनी पिवळंधम्मक झालेलं एक गाव होतं. गावाबाहेर राजाच्या बागेला लागून एक चंद्रमौळी झोपडी होती, आणि त्या झोपडीत आठ वर्षांची शेवंती आपल्या आईबरोबर राहायची. आई हार गुंफायची, तेव्हा कुठे चूल पेटायची. शेवंतीचा फ्रॉक एकच, त्यालाही तीन ठिगळं. पण तिला दुःख होतं ते ठिगळांचं नाही. यंदा तिला भोंडल्याला कुणी बोलावलं नव्हतं!

का, ते सांगते. भोंडल्यात काय करतात? पाटावर हत्ती मांडतात, मुली फेर धरून गाणी म्हणतात, आणि शेवटी येतो झाकलेला डबा. आत कोणती खिरापत आहे ते ओळखायचं. शेवंतीचं नाक म्हणजे भलतंच तिखट! गेल्या वर्षी डबा दिसायचा अवकाश, ही लगेच म्हणायची, “ओव्याच्या पुऱ्या.” आणि आत पुऱ्याच! सोळा दिवस हेच. शेवटी यामिनी, त्या मुलींमधली सगळ्यांत मोठी, पाय आपटत म्हणाली, “कळत कसं नाही गं तुला?”

खरंच कळत नव्हतं बिचारीला. आधी ओळखा म्हणतात आणि ओळखलं की चिडतात! माणसांच्या चेहऱ्यावर काय काय उमटतं म्हणे, पण तिला ते वाचताच यायचं नाही. सरळ सांगितलं तर मात्र एका झटक्यात समजायचं.

आज भोंडल्याचा शेवटचा दिवस होता. शेवंती कुंपणाजवळ फुलं वेचत होती, तेवढ्यात बाभळीवरून एक किनरा आवाज आला.

“हात लावू नकोस हं मला!”

बघते तर काय, बोटभर उंचीची परी! गुलाबी झगा, मोरपिशी पंख, आणि एक पंख चिकट डिंकात गच्च अडकलेला.

शेवंतीने हात मागे घेतला. “बरं. नाही लावत. मग काय करू?”

परीचे इवले डोळे चमकले. “अगंबाई! सकाळपासून दोघं आले. मी ‘नको, नको’ म्हणतेय आणि तरी ओढतायत! तू पहिली, जिने विचारलं. पाणी घाल, पण एकेक थेंब.”

शेवंतीने पानाचा द्रोण केला. एक थेंब, दोन थेंब, तीन... मोजणं तर तिचं लाडकं! तीनशे सत्तेचाळिसाव्या थेंबाला डिंक विरघळला आणि परी भुर्रकन उडाली. सोनेरी चुरा नुसता भुरभुर भुरभुर सांडला!

“माग दोन वर,” परी म्हणाली. “नियम एकच. कुणाचं मन बदलून मागायचं नाही. दुसऱ्याचं नाही आणि तुझंही नाही.”

“म्हणजे तुला मला यामिनीसारखी नाही करता येणार?”

“नाही गं राणी. आणि का करू? तू आहेस तशी छान आहेस.”

शेवंतीने खूप विचार केला. “मग एक, मला डबाभर खिरापत दे. जिची खिरापत, तिला फेरात घ्यावंच लागतं. आणि दोन, लोक तोंडाने सांगत नाहीत ते मला कळू दे.”

“दिलं! पण डबा उघडला की दुसरा वर संपेल हं!”

आणि शेवंतीच्या हातात लखलखता पितळी डबा आला!

धावत धावत ती यामिनीच्या अंगणात पोचली. आणि काय सांगू! प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक फुलपाखरू, आणि प्रत्येक फुलपाखरू शेवंतीच्या कानात कुजबुजतंय! गोल चेहऱ्याची छोटी दुर्वा हसत होती, पण तिचं फुलपाखरू थरथर कापत होतं. “आज खिरापत माझी. आईला फुटाण्यांखेरीज काही जमलं नाही. सगळ्या मला हसतील.”

शेवंती थबकली. हसणारं माणूस आतून रडतही असतं? डबा दिला तर फेर गेला! वर्षभर वाट पाहिलेला फेर! तिने डबा घट्ट धरला. मग दुर्वाजवळ जाऊन हळूच म्हणाली, “हा घे, तुझा म्हणून दे. तुझा मला दे. मला फुटाणे आवडतात. कुरकुरीत असतात.” आणि ती कुंपणापाशी जाऊन उभी राहिली.

“ओळखा बरं!” दुर्वाने डबा पुढे केला.

“लाडू!” “नाही!” “चकली!” “नाहीच!” “अळूवडी!” मुली खिदळल्या. शेवंतीला वास केव्हाच आला होता, गुलकंदाच्या करंज्या! जिभेच्या टोकावर शब्द आला. पण हे काय? उत्तर चुकलं की फुलपाखरं आणखी उंच नाचत होती! अय्या, म्हणजे चुकण्यातच मजा आहे? तिने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं.

सगळ्या हरल्या. झाकण निघालं आणि फुलपाखरं दिसेनाशी झाली.

“डबा माझा नाही,” दुर्वा एकदम म्हणाली. “शेवंतीचा आहे. माझ्याकडे नुसते फुटाणे होते.”

कुणीच हसलं नाही. यामिनी कुंपणाशी आली. “तुला वास आला असणार. मग बोलली का नाहीस?”

“लगेच ओळखायचं नसतं, ते मला आज कळलं. तुम्ही कधी सांगितलंच नाही.”

“अगं, ते सगळ्यांना कळतंच!”

“मला नाही कळत. सांगितलं की कळतं.”

यामिनीचा चेहरा पडला. “चुकलंच माझं,” ती म्हणाली. “आता सांगते, सरळ. शेवंती, आमच्यात ये. तू आम्हाला हवी आहेस. हात धरू?”

“हात नको. तुझी ओढणी धरते.”

“धर की!”

आणि फेर सुरू झाला! ओढणीचं टोक धरून शेवंती फिरत होती आणि सगळ्यांत मोठ्याने गात होती. इतक्यात हत्तीच्या सोंडेवर लख्ख उजेड पडला. गुलाबी, सोनेरी, मोरपिशी! त्या उजेडात कुणीतरी इवलासा हात हलवला, आणि क्षणात सगळं विरून गेलं.

“ते काय होतं गं?” मुली ओरडल्या.

“परी,” शेवंती म्हणाली.

एकही मुलगी “काहीतरीच काय!” म्हणाली नाही. शेवंती सांगतेय ना, मग परीच असणार.