नानांचा पुरावा

सासऱ्यांच्या कोलेस्टेरॉलच्या आकड्याने केतकीची झोप उडवली होती. अर्थात तिची झोप लेकीच्या एका शिंकेनेही उडायची, त्यामुळे घरात तिची काळजी कोणी मनावर घेत नसे.

नाना पाणीपुरवठा आणि सांडपाणी खात्यातले निवृत्त इंजिनिअर. वनस्पती तुपात तळलेले चार चिरोटे त्यांना रोज लागत.

"चाळीस वर्षं खातोय, सूनबाई. काय झालं मला? एक पुरावा दाखव, आत्ता सोडतो!"

केतकीने कढईतलं उरलेलं तूप उचललं आणि ती सिंकमध्ये ओतायला निघाली.

"अगं ए, पाइप तुंबेल!"

"इतकंसं तर आहे, नाना. पाणी छान जातंय."

"आज जाईलच! पण आत थरावर थर बसतो, वर्षानुवर्षं. बाहेरून काही दिसत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. जन्मभर हेच बघितलंय मी!"

"डॉक्टर तुमच्या रक्तवाहिन्यांबद्दल हेच म्हणाले, नाना. पुरावा तुम्हीच दिलात."

नाना शब्दाचे पक्के. त्यांनी चिरोट्यांची ताटली दूर सारली.

केतकी सुटकेचा श्वास घेणार, तोच पाच वर्षांची रेवा म्हणाली, "आई, माझा पाइप तर नवीन आहे ना? मग आजोबांचे मी खाऊ?"