ठकीची भिंत

चूक गावच्या वडीलधाऱ्यांची होती. आधी हे ऐका, मग भिंतीला हात जोडा.

शाळेवर अजून गवताचं छप्पर होतं, त्या काळातली गोष्ट. वाघजाईवाडीला तातोबा गुरुजी आले. शाळेत ठकी नावाची पोर होती. तिला अक्षर ओळखू यायचं नाही. कोणी हसलं की ती दगड हाणायची. आधीच्या मास्तरांनी तिला बाहेर चिंचेखाली बसवली होती.

गुरुजींनी काय केलं? शाळेच्या मागच्या भिंतीवर कोळशानं हातभर अक्षरं काढली.

"ठके, दगड मारायचाच ना? मग त्या 'ग'ला मार."

"आन् चुकला तर?"

"तर दुसरा उचल. आपल्या गावात दगडांना काय तोटा?"

रोज शाळा सुटली की दोघं भिंतीपाशी. असं म्हणतात, गुरुजी अक्षर नुसतं पुटपुटायचे आणि दगड आपोआप तिथं जाऊन लागायचा. असं म्हणतात, तिनं स्वतःचं नाव नेम धरून टिपलं, त्या दिवसापासून तिचा दगड माणसाला लागला नाही; वाटेतच त्याची माती व्हायची.

मग मागच्या ओळीतली सगळीच पोरं भिंतीकडं धावायला लागली. हे म्हाताऱ्यांना खुपलं. आप्पा पाटील चौघांना घेऊन आले.

"भिंत गावाची आहे, गुरुजी. चाळण केलीत तिची. पोरीचं काय, उद्या सासरी जाईल."

"भिंत लिंपता येते, आप्पा. ही आत्ता कुठं शब्द जोडायला लागलीय. दिवाळीपर्यंत तरी थांबा."

थांबले नाहीत. वर सांगून गुरुजींची बदली करवली.

ठकी खिंडीपर्यंत त्यांच्या मागं गेली. परतली ती चिंचेखाली जाऊन बसली. असं म्हणतात, भिंत कितीदा लिंपा, पावसाळ्यात ते खड्डे वर येतातच, आणि अर्धाच शब्द दिसतो.

अजून शाळा उघडते त्या दिवशी गाव भिंतीला हार घालतं. पोरांच्या हातात खडे देतं. आप्पांचे नातू भाषण करतात, डोळे पुसतात. दुसऱ्या दिवशी ज्याला वाचता येत नाही, तो चिंचेखाली.

मी बसलोय तिथं. तिथून खिंड दिसते. कोणी उतरताना दिसलं की मी उठून उभा राहायचो. दरवेळी दूधवाला निघायचा.

सातवीत शाळा सोडली. वाचायला शिकलो ते अठराव्या वर्षी, एसटीच्या पाट्यांवरून.