सायकलवरून पडलेलं वाक्य

"म्हणजे चूक कानावर पडली तरी माणसानं गप्प बसायचं? बुवा, तुम्हीच सांगा, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

सोनटक्के मास्तर मठाच्या उंबऱ्यातूनच हे विचारत होते. चपला काढायचंही भान नव्हतं. वैशाखाचं ऊन, टेकडीची चढण, साठी उलटलेलं वय, आणि त्यात पारा चढलेला.

धोंडबुवा वाती वळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "चपला काढ. बस."

मास्तर बसले, पण धुसफुसतच.

आता हे बुवा काही जन्माचे बुवा नव्हेत बरं का. तालुक्याच्या हायस्कुलात त्यांनी उभी हयात इंग्रजी शिकवलं. सोनटक्क्यांना इंग्रजीतलं पहिलं क्रियापद यांनीच घोटून घेतलं होतं. पुढं बायको गेली, नोकरी संपली, आणि बुवा टेकडीवरच्या या मठात दिवाबत्तीला येऊन राहिले.

सोनटक्क्यांनी मात्र पुढं स्वतः मास्तर होऊन गुरुजींची काठी हातात घेतली ती आजतागायत खाली ठेवली नाही. ज्या भिंतीवर लोक देवाची तसबीर लावतात, त्या भिंतीवर यांनी इंग्रजी काळांचा तक्ता लावलेला. रस्त्यात मास्तर दिसले की पोरं गल्ली बदलायची, कारण मास्तर 'कसा आहेस' विचारायच्या आधी 'गो'चं तिसरं रूप विचारायचे.

"हं. बोल विश्वंभर."

"मुक्ता, माझ्या लेकीची लेक. सुट्टीला आलीय माझ्याकडे. जूनपासून तिला इंग्रजी शाळेत घालणार आहेत. लेक म्हणाली, अण्णा, तेवढं इंग्रजी पक्कं करून द्या. आता यात माझं काही चुकलं?"

"अजून तरी नाही."

"बरं, पोर हुशार. तोंड कसं, लाह्या फुटाव्यात तसं! दिवसभर आजोबा हे, आजोबा ते. म्हटलं, आता सगळं इंग्रजीत बोलायचं. तीही तयार. आणि परवाच्या शनिवारी धावत आली घरात. धापा टाकतेय, डोळे मोठे झालेत, आणि म्हणते..."

मास्तरांना ते वाक्य उच्चारतानाही यातना झाल्या.

"म्हणते, 'आजोबा, टुडे आय फॉल सायकल, व्हेरी फास्टली!'"

बुवांची वात वळायची थांबली.

"अहो, एका वाक्यात किती चुका कराव्यात माणसानं! घटना होऊन गेली, मग भूतकाळ नको? 'फॉल'चं 'फेल' नको? सायकलच्या आधी 'फ्रॉम द' कुठं गेलं? आणि 'फास्टली'! बुवा, उभ्या इंग्रजी भाषेत असा शब्द नाही हो! 'फास्ट' हेच क्रियाविशेषण. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं मला."

"मग?"

"मग काय, तिथंच उभी केली. वाक्य नीट म्हणवून घेतलं. चुकली की पुन्हा. रडायला लागली. म्हटलं, रडून भूतकाळ येत नाही. शेवटी एकदाचं बिनचूक म्हणाली."

"आणि?"

"आणि..." मास्तरांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. "त्या दिवसापासून बोलत नाही."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत नाही आणि मराठीतही नाही! हो-नाही नुसतं मानेनं. बायको गेल्यापासून घर कसं सुनं झालं होतं, ही आली आणि पुन्हा आवाज आला घरात. आता दोघं समोरासमोर बसतो आणि घड्याळ ऐकतो."

बुवांनी हातातली वात तबकात ठेवली.

"वर हट्ट बघा पोरीचा. खानावळीचा डबा उघडून पान वाढतो, तर डाव्या हातानं जेवते! मला खपत नाही हे ठाऊक आहे ना, म्हणून मुद्दाम. उजवा हात आपला फ्रॉकच्या खिशात. काल रागावलो तर ताटावरून उठून गेली. माझ्याही घशाखाली घास उतरला नाही मग."

मास्तरांचा आवाज चिरकला. ते त्यांना मुळीच आवडलं नाही, म्हणून त्यांनी खाकरून घेतलं.

"परवा तिचे आईबाप न्यायला येतायत. ती अशीच गेली तर बुवा... जाताना नुसतं 'येते आजोबा' एवढं तरी म्हणेल का हो?"

बुवांनी आता मान वर करून पाहिलं.

"तेच विचारायला आलोय. माझी पद्धत कुठं चुकली? आधी क्रियापद शिकवायचं की काळ? का क्रियाविशेषण आधी घ्यायला हवं होतं? तुम्ही आम्हाला कसं शिकवलंत, सांगा. दोन दिवस आहेत हातात, तशी सुरुवात करतो."

बुवांनी वातींचं तबक बाजूला सरकवलं आणि कोपऱ्यातला तांब्या उचलला. मठाची रीत अशी की चढण चढून आलेल्याच्या हातावर आधी गुळाचा खडा आणि पाणी, मग नाव-गाव. आज बुवांनी मास्तरांना नुसतंच बोलू दिलं होतं. आताही तांब्या घेतला तो सरळ स्वतःच्या मांडीवर ठेवला.

मास्तरांना एकदम आपला घसा आठवला. कोरडा ठणठणीत.

"पाणी द्या बुवा."

"इंग्रजीत माग."

मास्तर हसले. गुरुजींची परीक्षा घ्यायची खोड गेली नव्हती तर! "गिव्ह मी वॉटर."

"क्रियापद बरोबर. पण कसं देऊ? क्रियाविशेषण कुठंय?"

"गिव्ह मी वॉटर क्विकली."

"क्विकली मधे का नाही घातलंस?"

"अहो, शेवटीच येतं ते इथं."

"बरं. पूर्ण वाक्य पुन्हा म्हण. 'वॉटर'चा उच्चार पडला तुझा."

"गिव्ह मी वॉटर क्विकली." जीभ टाळ्याला चिकटायला लागली होती.

"आता हेच भूतकाळात."

"भूतकाळात पाणी कसं मागणार?"

"नियम सांग मग. का मागता येत नाही?"

"बुवा, आधी पाणी..."

"नियम."

"आज्ञार्थाला... आज्ञार्थाला भूतकाळ..." मास्तरांना खोकल्याची उबळ आली. डोळ्यांत पाणी आलं. बुवा तांब्या धरून शांत बसलेले.

"खोकलास. वाक्य अर्धं राहिलं. पहिल्यापासून म्हण."

मास्तर ताडकन उठले. "पुरे झालं! माणूस तुमच्या दारात तहानेनं कासावीस होतोय आणि तुम्ही त्याची वाक्यं तपासत बसलाय? काळीज आहे का तुम्हाला? चुलीत गेलं तुमचं व्याकरण!"

टेकडीवर एवढ्या मोठ्यानं कुणी ओरडलं नव्हतं. पिंपळावरचे पारवे उडाले.

...

बुवांनी गुळाचा खडा मास्तरांच्या तळहातावर ठेवला आणि तांब्या पुढं केला.

मास्तरांनी तो वरूनच तोंडात रिकामा केला. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. मग ते खाली बसले. गुरूच्या अंगावर ओरडल्याची लाज आता कुठं वाटायला लागली होती.

"माफ करा बुवा. तोंडून गेलं." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "पण माझं तेवढं राहिलंच. क्रियापद आधी की काळ?"

बुवांनी रिकामा तांब्या पालथा घातला.

"विश्वंभर, पडली तेव्हा पोरीला कुठं लागलं?"