काकणाई आणि कासारणीच्या लेकाची कहाणी

ऐका काकणाई माते, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, नगरात कासारआळी होती. तिथं मैनाबाई कासारीण राही. साऱ्या नगराच्या बायका तिच्यापुढं हात करीत, बांगड्या भरता भरता घरचं सांगत. ती सगळ्यांचं ऐके, आपलं कुणाला सांगत नसे. तिला एकुलता एक मुलगा, जयवंत. कामाला चोख, बोलायला गोड.

पुढं काय झालं? नगरात एक पांढरी पूड आली. हुंगली की दुःख विसरे, न हुंगली की अंग मोडून येई. पाटलाच्या माडीवर गेली, वाण्याच्या दुकानामागं गेली, माळ्याच्या मळ्यात गेली. घरोघर पूड, आणि घरोघर दार लावलेलं. जिला तिला वाटे, हे एवढं आपल्याच घरी.

जयवंत पुडीच्या नादी लागला. तांब्या गेला, मैनाबाई म्हणाली, विहिरीत पडला. समई गेली, म्हणाली, उजळायला दिली. पोर वाळलं, वैद्यानं विचारलं, म्हणाली, कावीळ झाली असेल. वैद्यानं काविळीचा काढा दिला. गुण काही येईना.

मग काकणांची देवी काकणाई म्हातारीचं रूप घेऊन आली. "बाई बाई, मला बांगड्या भर." पहिली भरली, फुटली. दुसरी भरली, फुटली. तिसरी भरली, फुटली. आता बांगडी फुटली असं कुणी म्हणतं का? मैनाबाई म्हणाली, "आजी, वाढली हो."

म्हातारी म्हणाली, "बांगडीला वाढली म्हण, ते शोभतं. लेकाच्या पुडीला कावीळ म्हणू नकोस. अशानं तो जाईल."

मैनाबाईनं पाय धरले, उपाय विचारला. "सांगेन. पण भिशील, लाजशील, अर्ध्यात टाकशील." "भिणार नाही, लाजणार नाही, अर्ध्यात टाकणार नाही."

"मग न्हावं, दिवा लावावा, मुठीत सहा अक्षता घ्याव्या. तीन आपण ठेवाव्या, तीन शेजारणीला द्याव्या. तिला आपल्या घरची कहाणी सांगावी. झाकू नये, नटवू नये, लेकाला शाप देऊ नये. मग तिला घेऊन वैद्याकडे जावं." इतकं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली.

मैनाबाई अक्षता घेऊन निघाली. पाटलिणीकडे गेली. ती म्हणाली, आमच्या घरात असलं काही नाही, आणि दार लावलं. वाणिणीकडे गेली. ती म्हणाली, उद्या ऐकेन, आज गिऱ्हाईक आहे. मग माळणीकडे गेली. माळीण गजरा ओवीत होती, तिनं दोरा खाली ठेवला, हात पुढं केला.

"माझा जयवंत पूड हुंगतो," मैनाबाई म्हणाली. "मी सगळ्यांना खोटं सांगत आले."

माळीण रडू लागली. "माझाही हुंगतो गं. मी म्हणते, बाहेरची बाधा झाली."

मग दोघी उठल्या, मैनाबाईच्या घरी धावल्या. तो काय, जयवंत ओटीवर निळा पडलेला, श्वास अडलेला. एकटीला उचलवेना. दोघींनी उचलला, वैद्याच्या दारी नेला. वैद्यानं विचारलं, काय झालं? मैनाबाई म्हणाली, "पूड. आजची नाही, वर्षाची." वैद्य रागावला नाही, हसला नाही. रोग कळला तसं औषध दिलं. श्वास फिरला, पोरानं डोळे उघडले.

मग लगेच सगळं गोड झालं का? नाही झालं. जयवंताचं अंग थरथर कापलं, घाम फुटला, आईला नाही नाही ते बोलला. बरा होऊन पुन्हा एकदा पुडीकडे गेला. मैनाबाईनं पुन्हा अक्षता घेतल्या, पुन्हा सांगितलं, पुन्हा वैद्याकडे नेला. वसा अर्ध्यात टाकला नाही. पुढल्या श्रावणात जयवंत दुकानात बसून बांगड्या निवडू लागला.

मग काय विचारता, आळीत एकच गर्दी झाली! माळीण लेकाला घेऊन आली. वाणीण गिऱ्हाईक टाकून आली. बायका बांगड्या भरायला येत, तशा मुठीत अक्षता घेऊन येत. सगळ्यांत शेवटी पाटलीण आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, मूठ घट्ट. मैनाबाईनं नुसता हात पुढं केला. पाटलिणीनं मूठ उघडली. आत अक्षता, घामानं भिजलेल्या.

पाटलिणीनं सगळं सांगितलं. ते ऐकून जयवंत बांगड्या ठेवून उठला. म्हणाला, "चला काकी, मीही येतो. वैद्याची वाट माझ्या पायाखालची आहे."

जशी काकणाई मैनाबाईला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. आज ज्या घरी दार लावलंय, त्या घरी आधी पावो. ही साठां बोलांची कहाणी पांचां बोलांत सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो, सांगणारीला संपूर्ण होवो.