चापडा आणि पाटलांचा एकच बंद

एका गावात एक टोपल्या विणणारी बाई होती. तशा त्या गावात सगळेच टोपल्या विणायचे, पण हिच्या हातची चाळणी घ्यायला बाजारात माणसं थांबून राहत. तिच्या हातावर तिचं घर चालायचं.

गावाभोवती बांबूची बेटं होती आणि त्या बेटांत चापडा असायचा. चापडा म्हणजे हिरवागार, तिकोनी डोक्याचा, महाआळशी साप. दिवसभर फांदीला शेपटीचा वेढा घालून पडून राहणार. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो. त्या खळग्याला ऊब कळते, म्हणून काळोखातही उंदीर कुठे बसलाय ते त्याला बिनचूक समजतं. त्याची मादी अंडी घालत बसत नाही, थेट पिल्लं देते. माणसाशी त्याचं काही वाकडं नसतं. पण तो हलत नाही, पानांत दिसत नाही, आणि बांबू तोडणाऱ्याचा हात नेमका त्याच्यावर पडतो. मग तो चावतो. त्यानं दुसरं करावं तरी काय?

तेव्हा सापाबद्दल तक्रार नाही. डोक्याला ताप होता तो गावाचा.

गावाची रीत अशी, की कुणाला साप चावला की प्रत्येक घराने त्याच्या हाताला किंवा पायाला एक बंद बांधायचा. बंद म्हणजे पाण्यात भिजवलेली बांबूची पातळ पट्टी. सुकेल तशी ती आवळत जाते. आणि गाठ मारणारे हे सगळे टोपलीवाले, त्यांची गाठ त्यांना स्वतःलाही सुटायची नाही. ज्या घराचा बंद नाही, त्या घराच्या मनात काळंबेरं आहे असं धरलं जाई. त्यामुळे आजारी माणूससुद्धा अंथरुणातून उठून बंद घेऊन धावायचा.

चापड्याच्या विषानं माणूस सहसा मरत नाही. त्यामुळे चावलेला माणूस बहुतेक वेळा वाचायचा, पण त्याचा हात काळा पडून वाळून जायचा. मग गाव समाधानानं म्हणायचं, "चापडा हात खातो, पण आपले बंद जीव राखतात." हे ऐकून कपाळावर हात मारावा म्हटलं, तर गावात धडके हातच कमी होत चालले होते.

एका दुपारी त्या बाईच्या उजव्या हाताच्या बोटाला चापडा चावला. ती धावली नाही, ओरडली नाही. घरी येऊन ओटीवर बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, चापडा चावलाय. बाजारातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं ध्यानात आहे ना? बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. सूज चढायच्या आत माझ्या बांगड्या उतरवा, हात हलणार नाही असा फळीवर ठेवा आणि डोली आणा."

नवरा भला माणूस. इतका भला, की नाही म्हणायला त्याची जीभ वळत नसे. त्यानं बांगड्या उतरवल्या, हाताखाली फळी दिली आणि डोली आणायला वळला, तर अंगण माणसांनी भरलेलं. प्रत्येकाच्या हातात ओला बंद.

"बंद नको, डोलीला माणसं द्या," नवरा कसाबसा म्हणाला.

"नको कसा?" शेजारीण म्हणाली. "म्हणजे आमचा बंद वाईट?"

"वाईट नाही हो, वहिनी."

"मग बांध की."

"डॉक्टरीणबाई नको म्हणाल्यात."

"त्या काय आपल्या गावच्या आहेत?"

कुणी रुसलं, कुणी मागच्या लग्नातला मानपान उकरून काढला. एका म्हाताऱ्यानं तर कुणाला ना कुणाला चावेलच म्हणून त्याचा बंद रात्रीपासूनच भिजत घातलाय, तो वाया जाईल, अशी तक्रार केली. इकडे बाईचा हात मनगटापर्यंत सुजला होता. ती म्हणाली, "माझा हात ठणकतोय आणि तुम्ही कुणाचं मन राखताय?"

तेवढ्यात पाटील आले. पाटलांचा डावा हात लहानपणीच वाळलेला, कोपरापासून लोंबणारा. त्यांनाही चापडाच चावला होता. ते म्हणाले, "हे बघ, मी समजूतदार माणूस आहे. सगळ्यांचे नकोत तर राहू देत. गावातर्फे माझा एकच बंद बांधू दे, डोलीला चार गडी मी देतो. बंद नाही, तर खांदाही नाही."

"अहो, एकही नको," बाई म्हणाली.

"अगं, एकानं काय होतंय?" नवरा म्हणाला, आणि त्यानं तिचा हात पुढे केला.

पाटलांचा बंद तो. एका हातानं आणि दातांनी ओढून त्यांनी तिच्या मनगटाच्या वर गाठ मारली, ती रुतून बसली. गड्यांनी डोली उचलली. वाटेत ऊन होतं. बंद सुकत गेला, हात सुजत गेला, आणि बाईनं नवऱ्याकडे परत पाहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि डोळे मिटून घेतले. "किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना?" मग सगळी तयारी करून त्यांनी तो बंद सावकाश कापला. रक्त गोठतंय की नाही ते तपासलं, सलाईन लावलं, दुखण्यावर औषध दिलं, आणि सूज कुठवर चढतेय ते पुन्हापुन्हा येऊन पाहिलं. या सापावर चालेल अशी लस दवाखान्यात नव्हती. रुग्णाला सांभाळायचं आणि नजर ठेवायची, हाच उपचार होता.

काही दिवसांनी सूज उतरली. चावलेलं बोट बरं झालं. पण बंदाखालची नस चेपली होती. अंगठ्याला स्पर्शच कळेना. बारीक चाळणी त्या हातानं परत विणली जाणार नव्हती.

पाटील भेटायला आले होते. ते म्हणाले, "चापड्यानं अंगठा खाल्ला म्हणायचा. हात तरी वाचला."

"चापडा चावला ते बोट बरं झालंय, पाटील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगठा तुमच्या बंदानं गेला." मग त्यांची नजर पाटलांच्या दंडावर गेली. तिथे एकाखाली एक खोल वळ होते. "तुम्हाला किती जणांनी बांधले होते?"

"सगळ्या गावानं," पाटील म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पहिला आईनं."

पाटील तिथेच बाकावर बसून राहिले.

बाई घरी आली तेव्हा अंगणात पुन्हा गाव जमलं. झालं ते पाटलांनी स्वतः सांगितलं, आपल्या हाताचंही सांगितलं. मग त्या शेजारणीनं विचारलंच, "म्हणजे आता कुणाला साप चावला, तर आम्ही नुसतं बघत बसायचं?"

"नका बसू," बाई म्हणाली. "मेल्यावर देता तो खांदा जिवंत असताना द्या."

तात्पर्य: आपली माया दाखवायची घाई झाली असेल, तर आधी दुखणाऱ्या माणसाला काय हवंय ते विचारावं, आणि तो नको म्हणाला, तर एकदाही करू नये.