पाचशे एकचा इसार

एका गावात एक भोळा नारबा होता. भोळी माणसं गावोगाव असतात, पण या गावाला दुसऱ्याची कधी गरजच पडली नाही. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, एवढाच त्याचा दोष.

त्याची बायको गोदा पापड लाटून विकायची. तीन वर्षं लाटून तिने साठ हजार जमवले होते. धाकट्या भावाच्या लग्नाला माहेरच्या दारात आपल्या चारचाकीतून उतरायचं, ही तिची एकच इच्छा. मागच्या लग्नाला ती टेम्पोत पापडाच्या डब्यांवर बसून गेली होती आणि भावजया हसल्या होत्या. ते तिला फार लागलं होतं.

साठ हजारांत नवी गाडी कुठली येणार? तालुक्याला दर रविवारी जुन्या गाड्यांचा बाजार भरायचा. नारबाने ट्रॅक्टर चालवलेला, म्हणून त्यालाच धाडलं. गोदाने बजावलं, की रंगावर भुलू नका, गाडी खालून नीट बघा, ऑइल गळतं का ते तिथंच कळतं.

नारबा एका गाडीखाली शिरला आणि नीट बघू लागला. दुपार झाली. वर गिऱ्हाईक आलं, भाव ठरला, गाडी सुरू झाली आणि निघून गेली. नारबा बरोबर चाकांच्या मधोमध होता म्हणून वाचला. उन्हात उताणा पडून राहिला.

घरी येऊन म्हणाला, "खालनं लई चांगली हुती."

"मग घेतली का न्हाई?"

"वरनं दुसऱ्यानं घेतली."

गोदाने कपाळाला हात लावला. मग समजावलं, की गाडी मनात भरली की लगेच मालकाच्या हातावर पाचशे एक रुपये इसार ठेवायचा. इसार घेतला की गाडी आपली, ती मग दुसऱ्याला जात नाही.

पुढच्या रविवारी बाजाराच्या अलीकडेच नारबाला एक गाडी दिसली. पांढरीशुभ्र, झेंडूच्या माळा घातलेली. आत मुंडावळ्या बांधून मालक बसला होता. नारबाने त्याच्या हातावर पाचशे एक ठेवले. मालक पाया पडला. कुणीतरी वहीत नारबाचं नाव लिहिलं, डोक्यावर टोपी घातली आणि हाताला धरून पंगतीला बसवलं. नारबा पोटभर जेवला आणि गाडीची वाट बघत बसला. संध्याकाळी गाडी नवरी घेऊन निघून गेली.

त्याला इसार म्हणत नाहीत, आहेर म्हणतात, हे गोदाने त्याला रात्री दोनदा सांगितलं. आणि यापुढे कुणी काही भाव सांगितला तर निम्म्यानेच मागा, अजिबात वर चढू नका, असं शिकवलं.

तिसऱ्या रविवारी एस.टी.त कंडक्टरने तालुक्याचे तीस रुपये सांगितले. नारबाने पंधराला मागितलं. कंडक्टर ऐकेना, नारबा वर चढेना. शेवटी कंडक्टरने पंधराचं तिकीट फाडलं आणि निम्म्या वाटेत, बोडक्या माळावर त्याला उतरवलं. नारबा खुशीत चालत घरी आला. सौदा त्याच्याच भावात झाला होता.

लग्न आठ दिवसांवर आलं, तेव्हा गोदा स्वतःच बरोबर गेली. बाजारात एका निवृत्त गुरुजींची लाल, छोटी गाडी उभी होती. एकाच मालकाने वापरलेली. ऑइल कधी बदललं त्याची प्रत्येक तारीख गुरुजींनी वहीत वळणदार अक्षरात लिहिली होती. नारबाने गाडी घाटाच्या चढावर घातली. ती कुठेही धाप न लागता अशी वळणं घेत गेली, की नारबा खो खो हसायला लागला. पदर तोंडाला लावून गोदाही हसली. अठ्ठावन्न हजारांत सौदा पटला आणि गोदाने इसार दिला.

तेवढ्यात एक व्यापारी दहा हजार जास्त घेऊन आला. गुरुजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"एकदा हातावर पाचशे एक पडले, की गाडी त्याची," ते म्हणाले. "मग मागेपुढे बघायचं नाही. किल्ली द्यायची आणि मोकळं व्हायचं."

नारबाला हे फार पटलं. घरी येईपर्यंत तो तेच घोकत होता.

लग्नाच्या दिवशी लाल गाडी माहेरच्या मांडवापुढे थांबली. गोदा उतरली. भावजया आ वासून बघत राहिल्या. तीन वर्षांच्या लाटण्याचं चीज झालं आणि गोदाचे डोळे भरून आले.

अक्षता पडल्या, मानपान सुरू झाला. नवरीच्या मामाने नवरदेवाच्या दाजींना, म्हणजे नारबाला, पुढे बोलावलं. टोपी घातली आणि हातावर नोटा ठेवल्या. नारबाने मोजल्या. बरोबर पाचशे एक.

जड अंतःकरणाने त्याने खिशातली किल्ली काढली आणि मामाच्या हातावर ठेवली. गुरुजींची वहीसुद्धा दिली.

मामा गहिवरला. त्याने माइक ओढून घेतला.

"नवरदेवाच्या दाजींकडून नवरीला लाल चारचाकीचा आहेर!"

अख्ख्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. लाउडस्पीकरवर पुकारलेला आहेर परत मागायची कुणाची टाप आहे? भाऊ रडत रडत बहिणीच्या पाया पडला. भावजयांनी तिला पाटावर बसवून ओटी भरली. गोदा हसत राहिली. दुसरं काय करणार?

संध्याकाळी दोघं एस.टी.त बसली. गोदाने एवढंच विचारलं, की का दिलीत?

"पाचशे एक पडलं की हातावर," नारबा म्हणाला. "मला बी लई वाईट वाटलं. पन शबूद म्हंजी शबूद."

इतक्यात कंडक्टर आला आणि दोघांचे साठ रुपये म्हणाला. नारबाने तोंड उघडलं. गोदाने झटकन त्यात लग्नातला लाडू कोंबला आणि पूर्ण तिकीट काढलं.